पिपरझरीची न मोडणारी मंडई

भैयाजी शिवणकर रेल्वेच्या छोट्या लायनीवर गार्ड होते, तोवर पिपरझरी गाव सुखात होतं. ते रिटायर होऊन गावात राहायला आले आणि गावाला एकाएकी कळलं, की आपल्यात बऱ्याच उणिवा आहेत. गुराखी गुरं वेळेवर सोडत नाही. भजनाला दिवेलागणीला या म्हटलं, की लोक जेवूनखाऊन, पान लावून येतात. पोळ्याचे बैल तोरणाखाली एका ओळीत उभे राहत नाहीत. भैयाजी हे सगळं नीट समजावून सांगत, गाव नीट ऐकून घेई, आणि मग जे चाललं होतं ते तसंच चालू ठेवी. ज्या गार्डाच्या शिट्टीवर जन्मभर अख्खी गाडी हलली, त्याच्या शिट्टीवर गावातली बकरीसुद्धा हलू नये, याचं दुःख ज्याचं त्यालाच ठाऊक!

पण सगळ्यात मोठी उणीव काढली ती देवकाबाईंनी. दसरा झाला होता. ओसरीवर तांदूळ पाखडता पाखडता त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अजी, औंदा मी कोनाच्याच मंडईले जात नाही."

भैयाजी दचकलेच. विदर्भाच्या झाडीपट्टीत राहून मंडईला न जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. दिवाळी झाली, हलका, लवकर पिकणारा धान घरात आला, थंडी पडायला लागली, की आमच्याकडे मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवसभर दुकानं, ऊस, शिंगाडे, बांगड्या. मधोमध माणसांचं रिंगण आणि रिंगणात दंडारीचा नाच, नाही तर शाहिराची खडी गंमत. मिशा काढून लुगडं नेसलेला नाच्या असा काही नाचतो, की खुद्द त्याची बायकोही बघत राहते. पण खरी मंडई रिंगणात नसतेच. ती घराघरांत असते. ज्या गावची मंडई, त्या गावच्या प्रत्येक घरात त्या दिवशी सोयरे उतरतात, लेकी-जावई येतात, चुलीवरचा भाताचा गंज खाली उतरत नाही. आणि पिपरझरीला स्वतःची मंडई नव्हती. पिपरझरी म्हणजे खैरीचा टोला, खैरीतून फुटलेली वाडी. मूळ गाव खैरी, म्हणून मंडईही खैरीची.

"जल्मभर दुसऱ्याच्या घरचा भात खाल्ला," देवकाबाई म्हणाल्या. "नवेगावले गेली का माही भावजय काय म्हनते, ठाऊक आहे? 'देवकाबाईचं बरं आहे. जेवाले येते, बलावाचं काम नाही.' हासत हासत म्हनते, म्हून मले काही बोलताही येत नाही. आजवर माह्या दारात माहेरची बैलबंडी सुटली नाही. मंडईच नाही, तं भाऊ येईल कायले?"

त्यांनी पदराने डोळे पुसले. तांदळाचा कोंडा गेला असेल, असं भैयाजींनी स्वतःला सांगून पाहिलं, पण काळजाला लागायचं ते लागलंच. रेल्वेत असताना ही बाई आठ-आठ दिवस एकटी क्वार्टरात राहिली, कधी तोंडातून शब्द नाही. आणि मागून मागून मागितलं काय, तर चार पाहुणे!

भैयाजी उठून उभे राहिले. "पिपरझरीची मंडई भरेल," ते म्हणाले. "आणि राइट टाइम भरेल."

बोलून गेले खरे. आता शेजारच्या भिंतीवरून बिसराम डोकावणार, हे त्यांच्या लक्षात यायच्या आत बिसराम डोकावला. बिसराम जुना कोतवाल. कोतवालकी सुटून वर्षं झाली, पण गावाची चिंता करायची सवय काही सुटली नव्हती.

"माहं काय जाते, गार्डबाबू," तो म्हणाला, "पन सांगून ठेवतो. मंडईले दिवस लागते. आन् दिवस तं सगळे गेले. भाऊबीजेपासून मोजा. एक एक दिवस एकेका गावाचा. आजापंज्यापासून ठरेल आहे. मधातला एक मोकळा आहे, खैरीच्या आदल्या दिवशीचा. तो काऊन मोकळा आहे, ते मले इचारू नका."

"का मोकळा आहे?"

"इचारू नका म्हटलं ना! दुसऱ्या दिवशी खैरीची एवढी मोठी मंडई, तं आदल्या दिवशी कोन मरते येऊन?" बिसरामने लगेच खुलासाही केला. "आन् त्यालेही मालगुजाराचा होकार लागते."

खैरीचे गोवर्धन मालगुजार, म्हणजे तिथले जुने जमीनदार. सरकारने मालगुजारी कधीच काढून घेतली होती, पण मालगुजार काढून नेला नव्हता. तो खैरीच्या चौकात खाटेवर तसाच बसलेला असे. भैयाजी आपला काळा कोट घालून त्यांच्यापुढे उभे राहिले, तेव्हा मालगुजारांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग कोटाच्या बटणांकडे पाहिलं, मग हसायला लागले.

"टोल्याची मंडई?" ते म्हणाले. "बरं आहे बापा. घ्या आमच्या मंडईआधीचा दिवस. मी स्वतः येऊन बसतो. पन माही एक अट आहे, गार्ड. मंडई म्हंजे दिवस मावळेपर्यंत रिंगण उभं पाहिजे. त्याच्या आधी रिंगण मोडलं, तं ती मंडई नाही, तो तमाशा. मंग पुन्हा मंडईचं नाव काढाचं नाही. तुमच्या टोल्यानं जल्मभर खैरीले याचं, मुकाट्यानं."

"कबूल," भैयाजी म्हणाले.

"आन् दुपारीच लोक उठून गेले तं?"

"लोक कसे जातील? मी शिट्टी दिल्याशिवाय?"

मालगुजार इतके हसले, की खाट करकरली. भैयाजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता ही गोष्ट नुसती देवकाबाईंच्या भाताची राहिली नव्हती. तिच्यात गार्डाची इज्जतही अडकली होती.

मग आली परवानगी. खरं तर झाडीत आजवर कुठल्या मंडईने सरकारला विचारलं असेल, तर शप्पथ! पण भैयाजी पडले रेल्वेचे. लाइन क्लिअर घेतल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडेना. त्यांनी तालुक्याच्या कचेरीत रीतसर अर्ज दिला. कारकून म्हणाला, आधी ठाण्यातून लिहून आणा की हरकत नाही. ठाण्यातला जमादार म्हणाला, आधी कचेरीतून लिहून आणा की परवानगी आहे, मग आम्ही हरकत घेत नाही. भैयाजींनी सायकलवर दोघांच्या मध्ये एवढ्या फेऱ्या मारल्या, की वाटेतली कुत्री त्यांच्यावर भुंकायची थांबली. आणि शेवटी सगळे कागद जुळले, तो दिवस नेमका निघाला दिवाळीच्या आधीचा. त्याच दिवशी आपला विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला.

"तुमचा अर्ज तो मध्य प्रदेश शासन के नाम है," कारकून चष्मा पुसत म्हणाला. "वो सरकार अब अपनी रही नहीं."

"मग नव्या सरकारच्या नावानं लिहून देतो!"

"लिहा ना. पन नव्याचा शिक्का कुठं आला अजून? जुना मारला तं बेकायदा, नवा मारावा तं नाही."

"अहो, मग मंडई कोणत्या राज्यात भरवू?"

कारकुनाला भैयाजींची दया आली असावी. तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "भरवा ना बाबू. दोन राज्यांच्या मधात भरवा. सध्या कोनी पाहून नाही राहिलं."

ही बातमी गावात पोचली, तेव्हा गावाला मंडईपेक्षा वेगळीच काळजी पडली. आपण मुंबईत गेलो म्हणतात, तर आपली शेतं आपल्याबरोबर आली की मागे राहिली, यावर पारावर बराच खल झाला. बिसराम म्हणाला, "माहं काय जाते, पन समुद्राचा वास येऊन राहिला तं मले सांगजा."

अर्धं काम झालं होतं. उरलेलं अर्धं म्हणजे शाहीर. भैयाजींनी सालेकशाकडचे शाहीर बकाराम यांना सुपारी-नारळ दिला. बकाराम तुऱ्याचे शाहीर. आपल्या इकडे शाहिरांत दोन घराणी, कलगी आणि तुरा. कलगीवाला म्हणतो शक्ती थोर, तुरेवाला म्हणतो शिव थोर. म्हणजे शेवटी बाई मोठी की बाप्या मोठा, हाच वाद. पण तो डफ वाजवून घातला, की त्याला वेदान्त म्हणतात. भैयाजींना या भानगडीचं काही ज्ञान नव्हतं. सगळा जन्म गाडीच्या मागच्या डब्यात गेलेला, मंडया त्यांनी खिडकीतूनच पाहिलेल्या.

मंडईचा दिवस उजाडला. भैयाजींनी काळा कोट घातला, गळ्यात शिट्टी अडकवली, काखेत दोन झेंड्या घेतल्या, हिरवी आणि लाल. सकाळी गावच्या पोरांनी दंडारीचा फेर धरला, टिपऱ्या घुमू लागल्या. शिंगाडेवाल्या आल्या, उसाचे भारे आले, बांगडीवाला आला. येताना प्रत्येक जण, "उद्या खैरीले जाचंच आहे, वाटेवर पडते म्हून थांबलो," असं तोंडावर सांगून दुकान मांडत होता. भैयाजी ते गिळत होते. दुपारी शाहीर बकाराम आपल्या साथीदारांसह आले, भगवा फेटा, खांद्यावर डफ. चौकाच्या कडेला गोवर्धन मालगुजारांची खाट पडली. ते तिच्यावर आडवे झाले आणि सूर्याकडे बघून म्हणाले, "लय वर आहे अजून."

तेवढ्यात देवकाबाई आतून ओरडल्या, "अजी, बंडी आली! माह्या माहेरची बंडी आली वं माय!"

खरंच आली होती. नवेगावबांधहून त्यांचा धाकटा भाऊ खुशाल, त्याची ती हसून बोलणारी बायको आणि तळ्याच्या मासोळ्यांची एक टोपली. बैल सुटले. देवकाबाईंनी भावाच्या पायावर पाणी घातलं आणि त्या दारातच रडायला लागल्या. भावजय बावरली. भैयाजींनी तोंड फिरवून उगाच एक शिट्टी फुंकली.

"बाई, रडू नको," खुशाल म्हणाला. "भाऊबीजेले मी आलो नाही, म्हून रागावली असशील. ओवाळनी तयार नव्हती ना! लुगडं तं कोनीही देते. पहिलीच मंडई तुह्या घरची, म्हटलं बहिनीले शोभंल असं काही द्यावं."

आणि त्याने मागून येणाऱ्या दुसऱ्या बंडीकडे हात केला. बंडीतून हिरवा फेटा बांधलेला एक धिप्पाड माणूस उतरला. मागोमाग ढोलकी उतरली, डफ उतरला, लुगड्याचा काष्टा सावरत नाच्या उतरला.

"शाहीर झामसिंग," खुशाल म्हणाला. "कलगीचे. ओवाळनीत शाहीर आनला, बाई!"

देवकाबाईंनी निरांजन घेऊन भावाला ओवाळलं, आणि हातासरशी शाहिरालाही ओवाळलं. चौकात बकारामाच्या डफावरचा हात थांबला. गर्दीत कुजबुज सुरू झाली. बिसरामने भैयाजींचा कोट ओढला.

"मेलो, गार्डबाबू! कलगी आन् तुरा एका रिंगनात आले, तं सोडून जात नाही. सामना होते. आन् सामना सुरू झाला, का एकानं डफ खाली ठेवल्याशिवाय रिंगन मोडता येत नाही. माहं काय जाते, पन एकाले परत धाडा."

"बहिणीची ओवाळणी परत धाडू?" भैयाजी खेकसले. "काही सामना होत नाही. ही साधी क्रॉसिंग आहे. लाइन एकच, गाड्या दोन. एक गाडी बाजूला उभी ठेवायची, दुसरी काढून द्यायची. जन्मभर हेच केलं मी."

त्यांनी झामसिंगाला गोठ्याच्या बाजूला उभं केलं. बकारामाला रिंगणात घेतलं. मग ते स्वतः चौकाच्या मधोमध आले, ताठ झाले, जोरात शिट्टी फुंकली आणि सुरू करा म्हणून हिरवी झेंडी फडकवली.

मग गोठ्याकडून कलगीवाल्यांनी एकच जल्लोष केला. हिरवं निशाण कलगीचं! यजमानाने भर रिंगणात, तुऱ्याच्या शाहिराच्या नाकासमोर कलगीचं निशाण फडकवलं होतं.

"असा अपमान?" बकाराम ओरडला. "मले सुपारी देऊन बलावलं, आन् माह्यासमोर कलगीचं निशान?"

"नाही नाही नाही!" भैयाजी घाबरले. चूक झाली की रेल्वेचा माणूस काय करतो? लाल झेंडी दाखवतो. भैयाजींनी हिरवी काखेत कोंबली आणि लाल फडकवली. ऊन खाऊन खाऊन ती पार भगवी पडलेली होती, आणि भगवं निशाण तुऱ्याचं! आता तुरेवाल्यांनी जल्लोष केला आणि झामसिंग गोठ्याकडून गरजला, "ओवाळनी म्हून बलावता आन् तुऱ्याचं निशान नाचवता? भाऊ, बैल जुंपा!"

"डफ बांधा!" बकाराम म्हणाला.

दोन्हीकडे आवराआवर सुरू झाली. रिंगणाच्या मागच्या रांगेतली माणसं उठू लागली. एका दुकानदाराने उसाचा भारा बांधायला घेतला. "चला बापा, खैरीलेच चला." गोवर्धन मालगुजार खाटेवर उठून बसले, त्यांनी डोळ्यांवर हात धरून सूर्य पाहिला आणि मिशांवरून बोट फिरवलं. सूर्य अजून चिंचेच्या वर होता. भैयाजींनी दाराकडे पाहिलं. देवकाबाई हातात भातवाढणं धरून उभ्या होत्या आणि भावजय त्यांच्या खांद्याशी उभी होती. देवकाबाईंचा चेहरा त्यांना बघवेना. आयुष्यात गाडी कधी घसरू दिली नाही, आणि घसरली ती आज, घराच्या दारात!

त्यांनी काखेतल्या दोन्ही झेंड्या जमिनीवर टाकल्या आणि हात जोडले. "शाहीर, मी अडाणी माणूस. मला निशाण कळत नाही. माझ्यावर रागवा, माझ्या मंडईवर रागवू नका."

बकाराम घुटमळला. रागावलेला असला, तरी सुपारी घेतलेला माणूस होता. पण पाय काही रिंगणाकडे वळेनात. आणि तेव्हा देव पावला तो झामसिंगाच्या तोंडून. बंडीत चढता चढता तो मोठ्याने म्हणाला, "जाऊ द्या, गार्डबाबू. तुरेवाल्याले जाचं निमित्तच पाहिजे होतं. मले पाहूनच त्याच्या डफाची कातडी ढिली झाली."

बकाराम गर्रकन वळला. डफ खांद्यावरून छातीशी आला.

"बीजावाचून झाड कुठचं, सांग कलगीच्या गड्या?
शिवावाचून शक्ती म्हंजे पान्याविना रिता घडा!"

झामसिंग बंडीतून सरळ रिंगणात उडी टाकून उभा.

"बीज टाक तू दगडावरती, उगवून दाव रे शाहिरा!
माती म्हंजे माय शक्ती, तिच्याच पोटी तुहा तुरा!"

रिंगणाने अशी काही आरोळी मारली, की गोठ्यातल्या म्हशी दावी तोडून निघाल्या. उसाचा भारा सुटला. उठलेली माणसं बसली, आणि त्यांच्या मागे नवी येऊन उभी राहिली. सवाल गेला, जवाब आला. दोन्ही नाचे रिंगणात उतरले. ढोलकीवर ढोलकी चढली. जवळच्या वाड्या-टोल्यांत बातमी गेली, की पिपरझरीत कलगी-तुरा भिडला आहे, आणि धानाच्या बांध्यांतून माणसांच्या रांगाच्या रांगा यायला लागल्या. झाडीत असा सामना काही रोज होत नाही. बाप सांगत असे, मुलं ऐकत असत.

सूर्य चिंचेच्या खाली गेला. मग पळसामागे गेला. मग गेला. भैयाजी मालगुजारांच्या खाटेपाशी गेले, टाचा जुळवून म्हणाले, "दिवस मावळला, मालक. रिंगण उभं आहे."

"दिसून राहिलं," मालगुजार म्हणाले. पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते रिंगणाकडे पाहत पाय हलवत होते.

भैयाजींनी विजयाने मिशी पिळली. पैज जिंकली, बायकोला दिलेला शब्द राखला. आता मंडई वेळेवर मोडावी, पाहुण्यांना जेवू घालावं, आणि निजावं. त्यांनी समारोपाची शिट्टी फुंकली. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. दुसऱ्यांदा फुंकली. "कोन पोट्टा शिट्टी वाजवून राहिला?" मागून कुणीतरी ओरडलं. भैयाजींनी शिट्टी खिशात घातली.

रात्रभर सामना चालला. सकाळी लोकांनी विहिरीवर तोंडं धुतली आणि येऊन परत बसले. देवकाबाईंचा गंज उतरतच नव्हता. घरातला भात संपला, तसा बिसरामच्या घरचा आला. तो संपला, तसा गावातल्या प्रत्येक घराने पायली-पायली धान काढून दिला. बाया उखळापाशी कांडत होत्या, भावजय पदर खोचून वाढत होती. "देवकाबाई, थोडं बसा ना आता," ती म्हणाली. या खेपेला हसली नाही. देवकाबाई कसल्या बसतात! हिला वाढा, त्याला हाका मारा, त्या जावयाच्या पानात मासोळी पडली का बघा. मांडवातल्या नवरीची आईसुद्धा एवढी मिरवत नसेल.

बिसराम मात्र घामाघूम झाला होता. "गार्डबाबू, परवानगी एका दिवसाची होती."

"परवानगी होती कुठं?"

"हे बी खरं," बिसराम म्हणाला आणि जेवायला बसला.

दुपार उलटून दिवस कलला आणि खैरीच्या वाटेवर धुरळा उठला. गोवर्धन मालगुजार पहाटे कसेबसे उठून घरी गेले होते. आज त्यांची मंडई! चौक सारवलेला, खाट पडलेली, आणि मंडईत कुत्रं नव्हतं. दुकानदार नाही, पाहुणा नाही. त्यांनी सुपारी दिलेली दंडारसुद्धा वाटेत पिपरझरीला बघायला म्हणून थांबली, ती थांबलीच. मालगुजार लालबुंद होऊन आले.

"गार्ड! हे काय लावलं आहे? माही मंडई ओस पडली. मोडा हे रिंगन!"

भैयाजींना आनंद झाला, भीती वाटली, आणि पुन्हा आनंद झाला. "मी कसा मोडू, मालक? एकानं डफ ठेवल्याशिवाय मोडता येत नाही, असा कायदा आहे. आणि दिवसही मावळायचा आहे."

मालगुजार शाहिरांवर धावले. दोघांचे आवाज आता इतके बसले होते, की सवाल कुठला आणि जवाब कुठला हे ढोलकीवरूनच कळत होतं. बकाराम एका हाताने गळा धरून म्हणाला, "मी नाही ठेवत." झामसिंग तोंडाने बोललाच नाही, मानेने नाही म्हणाला. मग बकारामाला काय सुचलं कोण जाणे. "यजमानानं निवाडा करावा," तो म्हणाला. "ज्याची मंडई, त्याचा निवाडा. सांगा गार्डबाबू. शिव थोर का शक्ती?"

सगळा चौक भैयाजींकडे वळला. बकाराम आशेने बघत होता. निवाडा करणारा पुरुष आहे, पुरुषाची बाजू घेईल. झामसिंग देवकाबाईंकडे बघत होता. देवकाबाई गंजापाशी उभ्या होत्या, कपाळावरचं कुंकू घामाने नाकापर्यंत आलेलं, हातात भातवाढणं. भैयाजींनी रिंगणात पडलेल्या आपल्या झेंड्या उचलल्या. हजार माणसांनी आणि दोन ढोलक्यांनी त्या पार तुडवल्या होत्या. हिरवी कोणती आणि लाल कोणती, कळत नव्हतं. त्यांनी त्या झटकल्या आणि नीट गुंडाळल्या.

"मला वेदान्त कळत नाही," ते म्हणाले. "मी गार्ड. जन्मभर मागच्या डब्यात उभा राहिलो. काळा कोट घातला, शिट्टी फुंकली, झेंडी दाखवली, आणि लोक म्हणत, गार्डानं गाडी सोडली. मलाही तसंच वाटे. पण गाडी ओढते कोण, हे काय मला ठाऊक नाही? कालपासून शिट्टी मीही फुंकून राहिलो. कोणी हललं? आणि तुम्ही दोघं कालपासून ओरडून राहिले, ते कोणाच्या भातावर? हे पाहा, ती उभी आहे. आमच्या गाडीचं इंजिन!"

मग देवकाबाईंनी भातवाढणं कमरेवर ठेवलं.

"इंजिन?" त्या म्हणाल्या. "एवढ्या लोकायच्या मधात काळी म्हनता मले?"

चौक हसून हसून लोळायला लागला. बकारामही हसला, हसता हसता खोकला, आणि खोकता खोकता डफ काढून देवकाबाईंच्या पायाशी ठेवला. "माय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "हारलो म्हनत नाही. पन तुरा आता जेवाले बसला." झामसिंगानेही आपला डफ त्याच्या शेजारी टेकवला. "जिंकलो म्हनत नाही," तो म्हणाला. "माह्याही पोटात काही नाही." दोघे एका पंगतीला, मांडीला मांडी लावून बसले, आणि देवकाबाईंनी दोघांच्या पानात एकाच वाढण्याने भात घातला.

तेवढ्यात पळसामागे दिवस मावळला.

पाहुणे उठले, बंड्या जुंपल्या गेल्या. "पुढच्या साली येजो," देवकाबाई प्रत्येकाला सांगत होत्या, "आमच्या मंडईले येजो." आमच्या हा शब्द त्या जरा जोरातच म्हणत होत्या. भावजयीने जाताना वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि कानात म्हणाली, "बाई, पुढच्या साली मी चार दिवस आधी येईन. एकटीनं नाही होत तुम्हाले."

गोवर्धन मालगुजार सगळ्यात मागे राहिले. त्यांनाही जेवायला घातलं होतं, तेव्हा राग काहीसा उतरला होता. जाताना ते भैयाजींपाशी थांबले, काळ्या कोटाच्या बटणांकडे पाहिलं, आणि चक्क हात जोडले.

"गार्डबाबू, दिवस तुमचा. आजपासून कायमचा. आता कोनी काढत नाही. पन एक अट आहे."

भैयाजी ताठ झाले. "कोणती?"

"दिवस मावळला का रिंगन मोडत जा, बापा!" मालगुजार म्हणाले. "दुसऱ्या दिवशी आमचीही मंडई राहते."